नवं औषध येईपर्यंत डोकं राखायचं कसं

लोणंदच्या बाजार समितीत कांद्याची आवक वाढली की स्टेशनपर्यंत वास येतो. त्याच कांद्याचं नाव लावलेली तेलाची बाटली गावातल्या मेडिकलच्या काचेत मानाच्या जागी बसलेली असते, आणि तिची किंमत पाहिली की बाहेर पोती ओतणाऱ्या शेतकऱ्याला हसावं की रडावं ते कळणार नाही. चोविशीतल्या माझ्या भाच्यानं मागे मला सरळच विचारलं, "मामा, कांदा घरचाच आहे. तेल कशाला विकत घ्यायचं, रसच चोळला तर?" मुलगी बघायचा कार्यक्रम तोंडावर होता आणि कपाळाच्या दोन्ही बाजू मागं सरकायला लागल्या होत्या. मोबाइलवर त्याला रोज नवी बातमी येत होती: टकलावर औषध सापडलं, अमुक कंपनीनं शोध लावला, दोन वर्षांत बाजारात. थांबावं, की आत्ताच काही लावावं, हा त्याचा खरा प्रश्न होता. त्याच्यासारखे अनेक जण असणार, म्हणून हे लिहितोय.

आधी कांद्याचं सांगतो, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे. कांद्याच्या रसावर अभ्यास झालाय, ही थाप नाही. 2002 साली इराकी डॉक्टरांनी तो एका जपानी नियतकालिकात छापला. दिवसातून दोनदा रस चोळलेल्या 23 जणांपैकी 20 जणांचे केस सहा आठवड्यांत परत आले. नुसतं पाणी लावलेल्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं. पण ते सगळे रुग्ण चाईचे होते. चाई म्हणजे रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा. त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते, आणि पुष्कळदा चट्टे काही न करताही भरून येतात. भाच्याच्या कपाळाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तेलाच्या जाहिरातीत मात्र "संशोधनानं सिद्ध" एवढंच छापलेलं असतं. कोणत्या टकलावर सिद्ध, ते गाळलेलं असतं.

म्हणून बातमी कुठलीही असो, पहिला प्रश्न हाच विचारायचा: कोणतं टक्कल? मुंबईच्या सन फार्मानं 2023 मध्ये कॉन्सर्ट ही अमेरिकन कंपनी विकत घेतली आणि तिच्या ड्युरक्सोलिटिनिब या गोळीला जुलै 2024 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. "भारतीय कंपनीची टकलावर गोळी" अशा थाटात बातम्या फिरल्या. ती गोळी तीव्र चाईसाठी आहे, आणि तिच्या खोक्यावर गंभीर संसर्गाचा व रक्ताच्या गुठळ्यांचा इशारा आहे. 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत मुठीनं हातात आले. तो प्रकार आणखी वेगळा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं होतं. टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन किंवा बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून सारखे केस गळतात, तोही वेगळाच प्रकार, आणि बहुतेक वेळा आपोआप थांबणारा.

पुरुषांचं नेहमीचं टक्कल घाईत नसतं. कपाळाच्या कोपऱ्यांपासून किंवा भोवऱ्यापाशी सुरू होतं, वर्षानुवर्षं चालतं आणि कानावरची नि मानेवरची झालर शाबूत ठेवतं. केस एका दिवसात जात नाही, पिढीदरपिढी बारीक होत जातो. डोक्यावरचा एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने विसावा घेऊन गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. या टकलात वाढीचा काळ दर फेरीला आखूड होतो, मूळ आक्रसतं आणि जाड काळ्या केसाच्या जागी लव येते. घरी ताडून बघायचं तर भोवऱ्याजवळचा एक केस आणि कानामागचा एक केस पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा. भोवऱ्याजवळचा केस उघड बारीक आणि आखूड दिसत असेल, तर काय चाललंय ते कळेल. उशीवर किती केस पडले, ते मोजत बसण्यापेक्षा हे बरं. दिवसाला 50 ते 100 केस सगळ्यांचेच गळतात.

हे असं का होतं, ते 1942 मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञानं दाखवलं. ज्यांची वृषणं लहानपणीच काढलेली होती किंवा वाढलीच नव्हती, अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घरात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले. हार्मोन थांबवल्यावर गळणं थांबलं, पण गेलेले केस काही परतले नाहीत. पुढचं सगळं संशोधन या शेवटच्या वाक्याशी झटतंय. आणि हो, घराणं म्हणजे एकटे आईचे वडील नव्हेत. दोन्हीकडचा वारसा लागतो. आपल्या भागात आजोबांच्या डोक्यावर कायम पांढरी टोपी असायची, त्यामुळे कोणत्या आजोबांना टक्कल होतं हे नातवांना ठाऊकच नसतं, ते वेगळं.

आजवर पुरुषी टकलासाठी अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळालेली नावं दोनच, आणि दोन्ही टकलावरचं औषध शोधायला निघालेल्या लोकांनी शोधलेली नाहीत. मिनॉक्सिडिल ही अपजॉन कंपनीची रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या कपाळावर, हातांवर केस उगवायला लागले. मग त्याचंच लावायचं द्रावण झालं आणि 1988 मध्ये ते टकलासाठी मंजूर झालं. दुसऱ्याची गोष्ट डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास या गावची. तिथं काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात आल्यावर मुलगे होत. ज्युलिअन इम्पेराटो-मॅकगिनली यांनी 1974 मध्ये त्याचं कारण प्रसिद्ध केलं. टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये करणारं एक विकर या मुलांत कमी होतं. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहायची आणि त्यांना टक्कल पडायचं नाही. मर्क कंपनीनं त्याच विकराला अडवणारं फिनास्टेराइड बनवलं. 1992 मध्ये प्रोस्टेटसाठी 5 मिलिग्रॅम आणि 1997 च्या अखेरीस टकलासाठी 1 मिलिग्रॅम.

यातून किती पदरात पडतं? फिनास्टेराइडच्या मूळ चाचण्यांत भोवऱ्याजवळ एक इंच व्यासाचं वर्तुळ, म्हणजे साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा आखून केस मोजले होते. सुरुवातीला तिथं सरासरी 876 केस होते. एका वर्षानं गोळी घेणाऱ्यांत आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत 107 केसांचा फरक पडला, दोन वर्षांनी 138 चा. त्यातला काही फरक गोळीवाल्यांचे केस वाढल्यामुळे आणि काही दुसऱ्यांचे कमी झाल्यामुळे. आरशात हे जंगल दिसणार नाही. आहे ते राखलं आणि थोडी भर पडली, एवढंच. माझ्या मते हे औषध म्हणजे राखणदार आहे. पेरणी त्याच्याकडून होत नाही, आणि राखणदार हटला की वर्षभरात रान पूर्ववत होतं. विशीत सुरू केलेला माणूस आणि तुळतुळीत झाल्यावर सुरू केलेला माणूस, यांना एकाच बाटलीतून सारखं मिळत नाही ते म्हणूनच.

आता नव्यांकडे वळू. सध्या सगळ्यात पुढे आहे क्लास्कोटेरोन. कॉस्मो या कंपनीचं हे औषध मुरुमांसाठी 1 टक्का क्रीम म्हणून 2020 पासून अमेरिकेत मंजूर आहे. टकलासाठी 5 टक्क्यांचं द्रावण आहे. पोटात न घेता केसाच्या मुळाशीच हार्मोनला अडवायचं, ही त्यातली कल्पना, आणि मला ती आवडते. डिसेंबर 2025 मध्ये कंपनीनं तिसऱ्या टप्प्याच्या दोन चाचण्यांचे निकाल जाहीर केले. 1,465 पुरुष होते. प्लासिबोच्या, म्हणजे दिसायला तसंच पण औषध नसलेल्या द्रावणाच्या तुलनेत एकीत 539 टक्के सुधारणा, दुसरीत 168 टक्के. भाच्याला 539 चा आकडा तोंडपाठ होता.

इथं लोणंदच्या माणसाला फसवणं खरं तर अवघड असायला हवं. कांद्याचा भाव दुप्पट झाला असं कोणी सांगितलं, तर तो लगेच विचारतो, दोनाचे चार झाले का वीसचे चाळीस? केसांनाही तेच लावा. एका जागी बिनऔषधाच्या बाटलीनं 2 केस वाढले आणि औषधाच्या बाटलीनं 13, तरी ती वाढ 550 टक्के होते, आणि आरशाला त्याचा पत्ता नसतो. (हे दोन आकडे मी हिशेबासाठी घेतलेत, चाचणीतले नव्हेत.) शिवाय एकाच औषधाच्या दोन चाचण्यांत 539 आणि 168 इतका फरक पडतो, यावरूनच टक्क्याचा हा प्रकार किती डगमगता आहे ते कळावं. म्हणून बातमीत चौरस सेंटिमीटरमागं किती केस वाढले ते शोधा. सापडलं नाही, तर बातमी अर्धी आहे असं समजून पुढं जा. क्लास्कोटेरोन वाईट आहे असं मी म्हणत नाही. इतक्या वर्षांनी नव्या वाटेनं काम करणारं औषध तिसऱ्या टप्प्यात खोट्या द्रावणापेक्षा सरस ठरलं, ही बातमी मोठीच आहे.

दुसरं नाव पीपी 405. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी काढलेली पेलेज कंपनी ते बनवते. केसाच्या मुळाशी झोपलेल्या मूळपेशींची ऊर्जा वापरण्याची पद्धत बदलून त्यांना जागं करायचं, असा त्यातला विचार आहे. 2025 मध्ये 78 जणांवरच्या चाचणीचं फळ जाहीर झालं. केस जास्त विरळ झालेल्या पुरुषांपैकी 31 टक्क्यांची घनता आठ आठवड्यांत 20 टक्क्यांहून जास्त वाढली, प्लासिबो लावलेल्यांत कोणाचीच नाही. उत्साहवर्धक आहे, पण 78 माणसं म्हणजे एका एसटीत बसवलेली, उभी असलेली आणि दारात लोंबकळणारी धरून एवढीच. त्यांतले विरळ केसांचे पुरुष आणखी कमी.

आणि मागं वळून बघा. 2012 मध्ये टकल्या भागात प्रोस्टाग्लँडिन डी-2 नावाचं द्रव्य जास्त असतं असं आढळलं, तेव्हाही जगभर मथळे झळकले होते. त्याला अडवणारं सेटिपिप्रांट हे औषध माणसांवर तपासलं, तेव्हा ते प्लासिबोच्या पुढे गेलं नाही. चीनच्या किंटोरचं पायरिलुटामाइड 2023 च्या अखेरीस तिसऱ्या टप्प्यात पोचून तिथंच अडखळलं. तेव्हा "उंदरावर केस उगवले" एवढीच बातमी असेल, तर चहा संपवा आणि पान उलटा. पहिला टप्पा सुरक्षितता बघतो, दुसरा मात्रा ठरवतो, आणि तिसऱ्यात शेकडो माणसांवर खरा कस लागतो. तिथूनही मंजुरी, मग भारतातली मंजुरी, मग तुमच्या खिशाला परवडणं, हे बाकी राहतंच.

आपल्याकडचं काम मात्र फारसं कोणी सांगत नाही. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक पालिका रुग्णालयात डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 100 पुरुषांवर केलेली एक चाचणी जगभर उद्धृत होते. निम्म्यांना नुसतं मिनॉक्सिडिल, निम्म्यांना मिनॉक्सिडिल अधिक आठवड्यातून एकदा डोक्यावर बारीक सुया असलेला रोलर. बारा आठवड्यांनी मोजलेल्या जागेत पहिल्या गटात सरासरी 22.2 केस वाढले, दुसऱ्यात 91.4. फरक डोळ्यांत भरणारा आहे. पण सुया टोचून घेणाऱ्याला आपण सुया टोचून घेतोय हे कळतंच, त्यामुळे रुग्णाला अंधारात ठेवता आलं नव्हतं, आणि तीन महिने हा काळही थोडका. ऑनलाइन दोनशे रुपयांचा रोलर मागवून सलूनच्या खुर्चीत तो फिरवून घेऊ नका. दीड मिलिमीटर सुई म्हणजे जखमच, ती निर्जंतुक हातांनीच व्हावी. धुरत यांचा आणखी एका कामात सहभाग होता. मिनॉक्सिडिल डोक्यावर लावलं की मुळातलं एक विकर त्याचं कामाच्या रूपात रूपांतर करतं. ते ज्यांच्यात कमी, त्यांना द्रावण लागू पडत नाही. "शेजाऱ्याला आलं, मला का नाही?" याचं एक उत्तर इथं आहे.

तर थांबावं का? माझं उत्तर, नाही. टक्कल तुम्हाला सलत नसेल तर काहीच करू नका, तो उत्तम आणि फुकटचा उपाय आहे. पण सलत असेल, तर आज जे मूळ आक्रसतंय ते पाच वर्षांनी येणाऱ्या बाटलीची वाट बघत बसणार नाही.

मिनॉक्सिडिलच्या 5 टक्के द्रावणाबरोबर ड्रॉपर येतो, त्यावर 1 मिलिलिटरची खूण असते. तेवढंच, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर भांग पाडून लावायचं. केसांना चोपडलं तर पैसे पाण्यात. पहिल्या दोन महिन्यांत केस जास्त गळतात. जुने केस नव्यांना जागा देत असतात, पण नेमक्या याच वेळी घाबरून निम्मे लोक बाटली फेकतात. चार-सहा महिन्यांशिवाय निकाल मागू नका. लावल्यावर हात धुवा, वाळल्याशिवाय उशीवर डोकं टेकू नका. वडिलांच्या डोक्यावरून हे औषध तान्ह्या बाळांच्या अंगी लागून त्यांना अंगभर केस आल्याची प्रकरणं युरोपात घडली आहेत. मांजरांना तर हे जिवावर बेततं. घरात मांजर उशाशी झोपत असेल, तर आधी तिची सोय बघा. हल्ली कमी मात्रेच्या मिनॉक्सिडिलच्या गोळ्याही लिहून देतात. 2024 च्या ब्राझीलमधल्या चाचणीत 5 मिलिग्रॅमची गोळी लावायच्या द्रावणापेक्षा सरस ठरली नाही. पाय सुजणं, धडधडणं होऊ शकतं, म्हणून रक्तदाब तपासल्याशिवाय आणि डॉक्टरांशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका.

फिनास्टेराइड तर चिठ्ठीशिवाय मागूच नका. काउंटरवर मिळतं म्हणून ते साधं होत नाही. कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं हे थोड्यांना होतं. मूळ चाचण्यांत अशा तक्रारी गोळीवाल्यांत 3.8 टक्के, खोट्या गोळीवाल्यांत 2.1 टक्के होत्या. काहींच्या तक्रारी गोळी सोडल्यावरही राहिल्याच्या नोंदी आहेत. मे 2025 मध्ये युरोपच्या औषध नियामकानं आत्महत्येचे विचार येणं हा याचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. पूर्वी कधी नैराश्य आलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आणि गोळी सुरू असताना मन उदास राहू लागलं तर बंद करून दाखवायला जा. स्वस्तात पडतं म्हणून 5 मिलिग्रॅमची गोळी सुरीनं चार तुकडे करून घेणारे आहेत. ती पूड ओट्यावर पडते. घरात बाई गरोदर असेल तर फुटक्या गोळीला तिचा हात लागता कामा नये, पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियाची वाढ बिघडू शकते. सालिनासची गोष्ट इथं परत येते. पन्नाशीनंतर प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगा, कारण आकडा निम्म्यावर येतो आणि खरा धोका झाकला जातो. आणखी एक गोष्ट आपल्याकडं कोणी विचारत नाही. जयंती-पुण्यतिथीला गावोगावी रक्तदान शिबिरं होतात. फिनास्टेराइड घेणाऱ्यानं शेवटच्या गोळीनंतर महिनाभर आणि त्याच्याच जातीचं ड्युटास्टेराइड घेणाऱ्यानं सहा महिने रक्त देऊ नये. ते रक्त कोणा गरोदर बाईला चढू शकतं.

"दोन्ही औषधं एकत्र, नुसतं फवारा" अशा तयार मिश्रणांबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं एप्रिल 2025 मध्ये सावध केलं. लावायच्या फिनास्टेराइडनंही पोटात घेतल्यासारखे त्रास झाल्याच्या 32 तक्रारी त्यांच्याकडं होत्या. लावायचं आहे म्हणून ते आत जाणार नाही, ही समजूत सोडा.

आता पालखीच्या मुक्कामात चादर पसरून बसलेल्या जडीबुटीवाल्यापासून ते मोबाइलवरच्या "हमखास, मुळासकट" वाल्यांपर्यंत सगळ्यांना एकच वजन लावा. आपल्या औषध नियमांना 'जे' नावाचं परिशिष्ट (शेड्यूल J) आहे, त्यात जे रोग बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही त्यांची यादी आहे. टक्कल त्यात नावानिशी आहे, नवे केस उगवणंही आहे. म्हणजे बाटलीवर हा दावा छापलेला दिसला, तर तेवढ्यावरूनच बाटली परत ठेवायला हरकत नाही.

कुणी "नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्या" म्हणून बोलावलं, तर चाचणीचा सीटीआरआय क्रमांक मागा. भारतातली प्रत्येक औषध चाचणी 2009 पासून या सरकारी नोंदवहीत असावीच लागते आणि ती मोबाइलवर कोणालाही बघता येते. 2019 च्या नियमांप्रमाणे नैतिकता समितीची मंजुरी, समजेल अशा भाषेतलं संमतिपत्र आणि इजा झाल्यास उपचार व भरपाई हा तुमचा हक्क आहे. चाचणीतल्या औषधाचे पैसे कोणी तुमच्याकडं मागितले, तर ती चाचणी नव्हे, दुकान.

भाच्याला मी शेवटी कांदा पोत्यातच ठेवायला सांगितलं आणि त्वचेच्या डॉक्टरांकडं पाठवलं. साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय आहे, लोणंदहून पुण्याची गाडी धरली तर ससूनचा त्वचारोग विभाग आहे. जायचं तर आदल्या रात्री डोक्याला तेल थापू नका. डॉक्टर भिंगातून केसांची जाडी बघतात, तेलकट टाळूत ती दिसत नाही. चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या, जिमची पावडर आणि इंजेक्शनंही लपवू नका. आणि निघण्यापूर्वी दारात, दुपारच्या उजेडात, केस ओले न करता भोवऱ्याचा एक फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच दारात, त्याच उजेडात दुसरा काढायचा आहे.